अव्यक्त आणि चिंचोके

आठवीच्या सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना माझ्या लाल शाईखालून एक चूक जितक्या वेळा गेली असेल, तितक्या वेळा दुसरी कोणतीही गेली नसेल : ३अ + २ = ५अ. नोकरीच्या प्रारंभीची काही वर्षे मी तिच्यावर फुली मारून पुढे जात असे, आणि मुलांचे लक्ष नाही, घरी अभ्यास होत नाही, पाया कच्चा राहिला आहे, अशी जी कारणे शिक्षकांच्या खोलीत नेहमी तयार असतात त्यांपैकी एखाद्यावर समाधान मानीत असे. परंतु तीच चूक, त्याच रूपात, एकमेकांना न ओळखणाऱ्या मुलांच्या हातून वर्षामागून वर्षे उमटत राहते, तेव्हा तिला हलगर्जीपणा म्हणणे हा तपासणाऱ्याचाच आळस ठरतो, हे मला फार उशिरा कळले. अधिकचे चिन्ह दिसले की बेरीज करून एकच उत्तर मांडायचे, हा शिरस्ता ज्याने सात वर्षे इमानाने पाळला, त्या मुलाला ‘तीन अ अधिक दोन’ हे उत्तर अर्धवट टाकलेल्या कामासारखे वाटते. तो ते पुरे करतो. आपल्या समजुतीप्रमाणे तो गुरुजींची आज्ञाच पाळीत असतो.

ज्या तालुक्याच्या गावी माझी बहुतेक नोकरी झाली, तेथे वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील आठवड्याच्या बाजारात फळे विकीत आणि सुटीच्या दिवशी तीही त्यांच्याबरोबर पालावर बसे. तिच्या उत्तरपत्रिकेतले ‘५अ’ मी तिला दाखविले, कागद बाजूला ठेवला आणि काहीशा सहज बुद्धीने विचारले, “तीन पेट्या आंबे आहेत, शिवाय दोन सुटे आहेत. सगळे मिळून किती?” ती माझ्याकडे नवलाने पाहू लागली. “पेटीत किती हायेत ते सांगा की सर. त्याबिगर कसं सांगू? तीन पेट्या आन् वर दोन, एवढंच सांगता येईल.” पाच पेट्या असे तिच्या स्वप्नातही आले नसते. बीजगणितातील अव्यक्त राशीचा जो अर्थ पाठ्यपुस्तकाला दोन पानांत नीट मांडता येत नाही, तो तिच्या या उत्तरात संपूर्ण होता. पण बाजारातला तो अर्थ आणि कागदावरचा ‘अ’ यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती, आणि ती घालण्याचे काम ज्याच्याकडे होते तो मी तिच्यासमोर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात रिकाम्या काडेपेट्या आणि चिंचोके घेऊन गेलो. पेटी म्हणजे अव्यक्त. तिच्यात किती आहेत हे आपल्याला ठाऊक नाही, मात्र एका उदाहरणातल्या सर्व पेट्यांत सारखेच आहेत. चिंचोका म्हणजे एक. चिंचोका फोडून त्याची दोन दले केली म्हणजे एक बाजू पांढरी व दुसरी काळसर निघते, आणि खेड्यातली पोरे त्यांचाच फाशांसारखा उपयोग करून घरे काढलेल्या पटावर खेळतात, हे मला लहानपणापासून माहीत होते. पांढरी बाजू वर असेल तर धन, काळी असेल तर ऋण, आणि एक पांढरा व एक काळा शेजारी आले की दोघांनी मिळून पटावरून उठून जायचे, असा नियम आम्ही केला. ऋण संख्या वजा केली की बेरीज का होते, हा प्रश्न वर्षानुवर्षे मी ‘वजा वजा अधिक’ या मंत्राने मिटवीत आलो होतो. आता पाच पांढरे समोर ठेवून मी म्हणालो, यातून तीन काळे काढा. काळा तर एकही नव्हता. थोडा वेळ शांततेत गेला. मग मागच्या बाकावरच्या एकाने तीन काळे आणि तीन पांढरे अशा जोड्या आणून ठेवल्या, कारण जोडीची किंमत शून्य असल्यामुळे ती आणल्याने काहीच बिघडत नव्हते. मग त्याने काळे तेवढे उचलून घेतले. पटावर आठ पांढरे उरले. त्या मुलाचे नाव गणितात पहिल्यानेच वर्गभर घेतले गेले.

ही युक्ती मला सुचली म्हणून ती नवी होती असे मुळीच नाही. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की चीनमध्ये ‘नऊ अध्याय’ या प्राचीन गणितग्रंथावर लिऊ हुई याने इ. स. २६३ मध्ये भाष्य लिहिले, त्यात धन राशीसाठी तांबड्या व ऋण राशीसाठी काळ्या काड्या मांडाव्यात असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे ज्या काळी ऋण संख्येचे चिन्हही ठरलेले नव्हते, त्या काळी ती पटावर ठेवता आणि उचलता येत होती. बीजगणिताचा इतिहास या दृष्टीने पुन्हा चाळू लागलो तेव्हा, हाताने हाताळण्याच्या वस्तूंपासून हे शास्त्र पुढे दूर गेले असले तरी त्यांच्यातच ते वाढले, ही गोष्ट पानोपानी दिसू लागली.

‘अल्जिब्रा’ हे नाव ज्या ग्रंथावरून आले तो मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी याने नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादेत लिहिला. त्या ग्रंथाच्या नावातील दोन शब्द, जब्र आणि मुकाबला, आपल्या भाषेत फारसीच्या वाटेने आलेलेच आहेत. फक्त आपण त्यांतील बळाचा आणि सामन्याचा अर्थ तेवढा ठेवला. गणितात जब्र म्हणजे मोडलेले सांधणे, एका पक्षातील उणेपण दोन्ही पक्षांत सारखी भर घालून नाहीसे करणे. आणि मुकाबला म्हणजे दोन्ही पक्ष समोरासमोर ठेवून सारखे तेवढे दोहोंकडून काढून घेणे. आमच्या शाळांत याच दोन क्रियांना ‘पक्षांतर’ असे एकच नाव आहे, आणि ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ एवढाच त्याचा मजकूर मुलांच्या कानी पडतो. काय सांधले आणि काय काढून घेतले याचा त्यात मागमूस राहत नाही.

वर्गसमीकरणाचे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असे : एका राशीचा वर्ग आणि त्या राशीची दहापट मिळून एकोणचाळीस होतात, तर ती राशी कोणती? ख्वारिज्मी एक चौकोन काढतो, त्याची बाजू म्हणजे ती अज्ञात राशी. दहापटीचे चार सारखे भाग करून प्रत्येकी अडीच रुंदीच्या चार पट्ट्या चारी बाजूंना जोडतो. मग चार कोपरे रिकामे उरतात, ते प्रत्येकी सव्वासहाचे, म्हणजे एकूण पंचवीस. एकोणचाळीसात पंचवीस मिळवले की चौसष्ट, म्हणून मोठ्या चौकोनाची बाजू आठ, आणि दोन्हीकडचे अडीच-अडीच वजा केले की राशी तीन. ‘वर्ग पूर्ण करणे’ हे शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असतील. त्यात खरोखरच एक अपुरा चौकोन असून त्याचे कोपरे भरावयाचे असतात, हे पुठ्ठ्याचे तुकडे कापून ती आकृती जुळवली त्या दिवशी माझ्या ध्यानात आले. ज्याने कोपरे भरले आहेत तो पंचवीस कोठून आले असे विचारीत नाही.

आपल्याकडील परंपरेत अज्ञात राशीला ‘अव्यक्त’ म्हणत, आणि अनेक अव्यक्ते असली की पहिल्याला यावत्तावत् म्हणून पुढच्यांना रंगांची नावे देत : कालक, नीलक, पीतक, लोहितक. ज्या अर्थी राशींना रंग होते, त्या अर्थी त्या एके काळी रंगीत गोट्यांनी किंवा खड्यांनी मांडीत असतील असा तर्क करण्याचा मोह होतो. पण त्याला पुरावा नाही, म्हणून तो येथेच सोडतो. पुरावा आहे तो भास्कराचार्यांचा. शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी रचणाऱ्या या आचार्यांनी बीजगणितात एक उदाहरण दिले आहे : एकापाशी तीनशे रूपे व सहा घोडे, दुसऱ्यापाशी तसेच दहा घोडे पण शंभराचे कर्ज; दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याचे मोल काय? मी हे उदाहरण जसेच्या तसे वर्गात ठेवले. घोड्याच्या जागी काडेपेटी, शंभराच्या जागी एक चिंचोका. डावीकडे सहा पेट्या आणि तीन पांढरे, उजवीकडे दहा पेट्या आणि एक काळा. कर्ज फेडायचे तर उजवीकडे एक पांढरा द्यावा लागेल, आणि बरोबरी राखायची तर डावीकडेही. हा झाला जब्र. मग दोन्हीकडून सहा-सहा पेट्या उचलल्या, हा मुकाबला. डावीकडे चार पांढरे, उजवीकडे चार पेट्या. एका घोड्याचे मोल शंभर. कर्ज म्हणजे काय हे त्या वर्गात कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

याच ग्रंथात भास्कराचार्य उपपत्ती दोन प्रकारची सांगतात, एक क्षेत्रगत व दुसरी राशिगत, म्हणजे एक आकृतीने पटणारी आणि दुसरी राशींच्या मांडणीने. आणि जो पहिली ग्रहण करू शकत नाही त्याला दुसरी दाखवावी असे सुचवितात. समोरचा शिकणारा कोणत्या वाटेने येतो ते पाहून शिकविणाऱ्याने वाट बदलावी, ही जाणीव बाराव्या शतकातील एका ग्रंथकाराला होती. पुढे सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मूळच्या वैदर्भीय घराण्यातील कृष्ण दैवज्ञ काशीस राहून याच बीजगणितावर टीका लिहितात, तेव्हा ऋणत्व स्थळाने, काळाने आणि वस्तूने असे तीन प्रकारे समजावतात : पूर्वेकडील जाणे धन धरले तर पश्चिमेकडील ऋण, पुढचा काळ धन तर मागचा ऋण, आपले स्वत्व धन तर दुसऱ्याचे देणे ऋण. एकच कल्पना तीन निरनिराळ्या वस्तुस्थितींत उतरवून दाखविण्याची ही रीत मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे मला पुन्हा यावे लागेल. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला; त्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला, आणि त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे, एवढे जाता जाता सांगितल्यावाचून राहवत नाही.

मग हे सगळे शाळेत पोहोचेपर्यंत कोठे हरवले? याचे उत्तर शोधताना मला देकार्तपाशी थांबावे लागते. १६३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भूमिती’ या ग्रंथात त्याने एक रेषा एकक म्हणून धरली, आणि त्यामुळे दोन रेषांचा गुणाकार ही पुन्हा एक रेषाच मानता येऊ लागली. त्याच्यापूर्वी ‘अ’चा वर्ग म्हणजे चौरस आणि घन म्हणजे घनाकृतीच असे, म्हणून चौथ्या घातापाशी कल्पना अडखळे, देकार्तने ती बेडी तोडली आणि बीजगणिताला मोकळे रान मिळाले. हा मानवी बुद्धीचा फार मोठा विजय होय, त्याविषयी दुमत नाही. परंतु तेरा वर्षांच्या मुलापुढे आपण त्या विजयाचे फळ तेवढे ठेवतो. ज्याने चौकोन कधी हातात धरला नाही त्याला चौकोनातून मुक्त करण्यात अर्थ नाही; तो (अ + ब)² = अ² + ब² असे लिहितो, आणि मधले २अब का गळले हे त्याला कोणी कितीही रागावून सांगितले तरी दिसत नाही, कारण मोठ्या चौकोनातील ते दोन आयत त्याने कधी पाहिलेलेच नसतात.

परत फिरण्याची वाट बालशिक्षणाने दाखविली. मारिया माँटेसोरींनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ साली बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत आठ रंगीत ठोकळ्यांचा एक घन आहे : एक मोठा, एक लहान, आणि तीन-तीन चपट्या व लांबट ठोकळ्यांचे दोन संच. चार-पाच वर्षांचे मूल तो केवळ रंग जुळवून रचते. तो दोन पदांच्या बेरजेच्या घनाचा विस्तार आहे हे त्याला पुढे वयात आल्यावर कळावयाचे असते. हात आधी ओळख करून ठेवतो आणि बुद्धी तिची रुजुवात नंतर घेते, ही त्यामागची श्रद्धा. माँटेसोरी स्वतः १९३९ मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षे येथेच राहिल्या. पण महाराष्ट्राला त्यांची पद्धती खऱ्या अर्थाने मानवली ती ताराबाई मोडकांमुळे. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या आदिवासी मुलांत जे काम केले, त्यात परदेशी महागड्या साधनांच्या जागी परिसरात मिळणाऱ्या वस्तू आल्या. माझे चिंचोके त्याच वाटेवरचे आहेत. फक्त ते बालवाडीतून आठवीच्या वर्गात आणावे लागले.

बीजगणितापुरता याचा निर्णायक प्रयोग अमेरिकेत झाला. जेरोम ब्रूनर आणि मूळचे हंगेरियन असलेले गणितज्ञ झोल्टान डीन्स यांनी साठीच्या दशकात हार्वर्डमध्ये आठ वर्षांच्या चार मुलांना वर्गराशी शिकविल्या. मुलांना मोठे चौरस तुकडे दिले, त्यांची बाजू किती हे सांगितले नाही; तितक्याच लांबीच्या एक एकक रुंद पट्ट्या दिल्या; आणि एककाचे लहान चौकोन दिले. याहून मोठा चौरस करून दाखवा, एवढेच सांगितले. मुले एकेक चौरस रचीत गेली आणि प्रत्येक वेळी काय काय लागले ते लिहीत गेली : एक मोठा, दोन पट्ट्या, एक लहान; एक मोठा, चार पट्ट्या, चार लहान; एक मोठा, सहा पट्ट्या, नऊ लहान. कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन रूपांनी ज्ञान मनात वसते, हा ब्रूनर यांचा सिद्धांत त्यांच्या १९६६ च्या ग्रंथात आहे, आणि तो पुढे ज्याच्या त्याच्या तोंडी झाला. मला मात्र त्या प्रयोगातील ‘लिहीत गेली’ हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. रचना आणि लेखन यांत तेथे खंड पडू दिला नव्हता.

कारण मी स्वतः तो पडू दिला होता. पुठ्ठ्याचे तुकडे कापून मी गटागटाने वाटले, मुलांनी उत्साहाने आयत रचले, तास आनंदात गेला. आणि चाचणीत निकाल जवळजवळ पूर्वीसारखाच आला. मुलांना आयत रचता येत होते आणि वहीतले अवयव पाडता येत नव्हते. एका शाळेत तर मी असे पाहिले की साधनांची पेटी सरकारी तपासणीच्या दिवशी कपाटातून बाहेर येई व दुसऱ्या दिवशी परत जाई. अमेरिकेतील गणितशिक्षणाच्या अभ्यासक देबोरा बॉल यांनी १९९२ मध्ये, वस्तू हाती दिल्या की कल्पना आपोआप कळेल या भाबड्या आशेविरुद्ध लिहिले : वस्तूंमध्ये कल्पना दिसते ती आपल्याला, कारण आपल्याला ती आधीच ठाऊक असते, मुलाला तेथे पुठ्ठा दिसतो. त्यानंतर मी नियम केला की हाताने एक चाल केली की वहीत एक ओळ लिहायची, आणि ओळ लिहिल्यावाचून दुसरी चाल करायची नाही. दोन्हीकडे पांढरा चिंचोका ठेवला, लिहा. सहा पेट्या उचलल्या, लिहा. काम सावकाश होऊ लागले, एका तासात तीनच उदाहरणे होत. पण वहीतली ओळ आता कशाची तरी नोंद होती, जशी जमाखर्चाच्या वहीतली असते.

तरीही एक अडचण उरलीच होती, आणि ती ज्याने दाखवून दिली त्या मुलाचा मी ऋणी आहे. एके दिवशी तो एककाचे चौकोन पट्टीशेजारी ओळीने लावीत बसला होता. “सर, ही पट्टी साडेसहाची आहे. म्हणजे अ बरोबर साडेसहा.” त्याचे मोजमाप बरोबर होते. ज्या वस्तूने मला त्याच्यापुढे ‘कोणतीही संख्या’ ठेवायची होती, तिनेच त्याच्यापुढे एक ठराविक संख्या ठेवली होती. आंब्याच्या पेटीचेही असेच आहे. पेटी बघता बघता ‘अ म्हणजे आंबा’ असे मूल म्हणू लागते, आणि ‘अ’ हा आंबा नसून पेटीतील आंब्यांची संख्या आहे, हा सूक्ष्म पण जीवघेणा भेद पुसला जातो. त्या रात्री मी घरी बसून पाच निरनिराळ्या लांबीच्या पट्ट्यांचे संच कापले, प्रत्येक संचाला त्याच्या लांबीचे मोठे चौरस, आणि एककाचे चौकोन मात्र सर्वांचे सारखे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटाला वेगळा संच देऊन मी सांगितले, एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा लहान यांचा आयत करा, आणि बाजू फळ्यावर लिहा.

पाच गट फळ्यापाशी आले आणि पाचांनीही (अ + २)(अ + ३) असेच लिहिले. आयत मात्र पाच आकारांचे होते, एक लहानसा, एक बाकावर मावेना इतका मोठा. मोजमाप करणारा तो मुलगा उठून प्रत्येक बाकापाशी जाऊन आला. “माझा अ वेगळा, त्यांचा अ वेगळा, पण लिहिलंय सगळ्यांनी एकच,” तो म्हणाला, आणि किंचित थांबून, “मग अ कुठला पण चालेल.” एकच संकल्पना शक्य तितक्या भिन्न वस्तूंत मूर्त करावी म्हणजे मूल वस्तू सोडून संकल्पना उचलते, हे डीन्स यांचे तत्त्व मी नंतर वाचले, आणि ऋणत्व तीन प्रकारांनी सांगणारे कृष्ण दैवज्ञ मला त्यांच्या शेजारी बसलेले दिसले.

वस्तूंची धाव कोठवर पोचते हेही सांगितले पाहिजे. पट्टी उणी झाली की पुठ्ठ्याच्या आयताला तोंड द्यावे लागते ते मोठ्या कसरतीने. चौथा घात रचता येत नाही. आणि सहगुणकात अपूर्णांक आला की काडेपेटी कापायची कशी हा प्रश्न मुले योग्यच विचारतात. तेथे चिन्हानेच पुढे जावे लागते. पेट्या कधी सोडायच्या हे मी ठरवीत असे तोवर कोणी लवकर सोडल्याने अडे, कोणी उशिरा सोडल्याने कंटाळे. पुढे मी ठरविणेच सोडले. चिंचोक्यांची टोपली खिडकीत असे, ज्याला लागतील त्याने घ्यावेत, एवढेच सांगून ठेवले.

त्या फळे विकणाऱ्याच्या मुलीची वार्षिक परीक्षेतली उत्तरपत्रिका मी अजून ठेवली आहे. समीकरणांच्या प्रश्नात पाच उदाहरणे होती. पहिल्याच्या समासात तिने पेन्सिलीने काडेपेट्या काढल्या आहेत, नीट चौकोनी, शेजारी चिंचोक्यांचे गोल, काही भरलेले, काही रिकामे, आणि उचललेल्यांवर काट. दुसऱ्याच्या समासात पेट्यांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आहेत. तिसऱ्याशेजारी दोन ठिपके, एक भरीव आणि एक पोकळ, त्यांच्यावर एक तिरपी रेघ. चौथ्याशेजारी काहीतरी काढायला सुरुवात करून खोडले आहे. पाचव्याचा समास कोरा आहे, आणि उत्तराखाली तिने ताळा करून दाखविला आहे.